चंद्राच्या ट्रिपचा फॉर्म

अण्णा आज सकाळी गेले.

खरं तर वीस वर्षांपूर्वीच गेले असते. मध्ये चंद्राच्या ट्रिपचा एक फॉर्म आला, म्हणून राहिले.

ही गोष्ट घराबाहेर कधी सांगितली नव्हती. आज सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. वारंगा फाट्यावर त्यांची मिनीबस होती. मालक तेच, ड्रायव्हरही तेच. दसऱ्याला नागपूर, डिसेंबरात मुंबई, थंडीत बोधगया. आमच्याकडचे कितीतरी लोक त्यांच्याच भरवशावर पहिल्यांदा जिल्ह्याबाहेर पडले.

२००५ च्या आसपास पेपरात एक बातमी आली. परदेशातली कुठलीतरी खाजगी कंपनी हौशी लोकांना चंद्राला चक्कर मारून आणणार होती. एक पायलट, दोन प्रवासी.

अण्णांनी ती कापून डायरीत ठेवली.

तिकिटाचा आकडा एकदा वाचला आणि सोडून दिला. त्यांचे प्रश्न वेगळेच होते. आठवडाभर तिघं एवढ्याशा जागेत झोपणार कसे? बाथरूमचं काय? कुणाला उलटी लागली तर?

चंद्रावर उतरणारच नाहीत हे कळल्यावर आधी त्यांना वाईट वाटलं. मग पटलं.

"उतरवलं म्हंजे परत चढवायची जबाबदारी आली," म्हणाले.

मी तेव्हा नांदेडला हॉस्टेलवर राहून बीएस्सी करत होते. शनिवारी घरी यायचे. अण्णांनी सगळे प्रश्न वहीच्या कागदावर लिहून दिले आणि कंपनीला ईमेल करायला सांगितलं.

फाट्यावर लोक चिडवायचे. चंद्राची सीट कधी भरून राहिले, म्हणून विचारायचे. अण्णा शांतपणे सांगायचे की आज ना उद्या साधी माणसंही जातील. तेव्हा पिशवीत काय घ्यायचं अन् काय नाही, हे सांगणारं कुणीतरी लागेलच ना.

मला मात्र लाज वाटायची.

तरी नेट कॅफेत बसून, जमेल तशा इंग्रजीत मेल केला.

आणि आठवड्याच्या आत उत्तर आलं!

चांगलं सविस्तर होतं. चंद्राच्या मागे गेल्यावर काही वेळ पृथ्वीशी बोलणं बंद होतं, पण रस्ताच असा आखलेला असतो की यान वळसा घालून पृथ्वीकडेच येतं, असं लिहिलेलं. सोबत प्रवाशाच्या मेडिकल तपासणीचा फॉर्म.

शेजारी बसलेल्या मैत्रिणी ते वाचून इतक्या हसल्या की मी मेल बंद केला.

घरी सांगितलं, उत्तर नाही आलं.

पुढच्या शनिवारीही तेच सांगितलं.

तिसऱ्या शनिवारी अण्णांनी विचारलंच नाही. जेवताना आईला म्हणाले, "आपल्यासारख्याला कोन उत्तर देते."



सोमवारी कॅफे उघडायच्या आधी मी दारात उभी होते. प्रिंट काढली. शनिवारी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, कालच आलं.

अण्णांनी माझ्याकडून सगळं दोनदा वाचून घेतलं. मग फॉर्मवर बोट ठेवलं. लोकांना न्यायचं तर नेणाऱ्यानं ही तपासणी आधी स्वतः करून पाहावी, तकलीफ काय होते ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

नांदेडला डॉक्टरांनी कागद पाहिला आणि हसत विचारलं, "काका, चंद्रावर जायचंय का?"

"चंद्रावर न्हाई. त्याच्या भवताल."

डॉक्टर हसले, पण फॉर्ममधली एकही तपासणी सोडली नाही. कान, डोळे, बीपी, ईसीजी सगळं बराबर निघालं. शेवटी ट्रेडमिल.

चौथ्या मिनिटाला डॉक्टरांनी मशीन बंद केली. आता ते हसत नव्हते.

पुढच्या तपासणीत कळलं, हृदयाच्या तीन नसा जवळजवळ बंद होत्या. छातीत कधी दुखलंच नव्हतं. जबडा दुखायचा, तर अण्णा समजायचे दाढ आहे.

नऊ दिवसांनी बोधगयेची ट्रिप होती. स्टिअरिंगवर अण्णा. मागे बावीस माणसं. त्यात माझी आईसुद्धा.

औरंगाबादला बायपास झाली. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मी एकच हिशोब करत बसले होते. ते उत्तर मी तीन आठवडे दाबून ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी, आई जेवायला खाली गेली तेव्हा, मी त्यांना सगळं सांगितलं. मैत्रिणी हसल्या ते, मला लाज वाटली ते, मी खोटं बोलले ते.

अण्णांनी विचारलं,

"दिलंस नं शेवटी?"

"व्हय."

"मंग रडून काहून राहिली, लेकरा?"

बस. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. घरात कुणाला कळूही दिलं नाही. आईला मीच सांगितलं, माझ्या लग्नानंतर.

त्या कंपनीनं पुढे कुणाला नेल्याचं काही ऐकलं नाही. अण्णांनी मात्र ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः शेजारच्या सीटवर बसू लागले. बोधगयेची ट्रिप दोन महिने उशिरा निघाली. बावीसच्या बावीस गेले आणि आले.

आज सकाळी चहा घेतला. अंगणात खुर्ची टाकून बसले. आई कप ठेवायला आत गेली, परत आली तोवर संपलं होतं.

आई म्हणाली, "तरास न्हाई झाला त्यायला."

मी रडतेय, पण छातीवर दगड नाही. वीस वर्षं जास्तीची मिळाली. नातवंडं खेळवून झाली. कुणाला काही सांगायचं राहिलं नाही.

दुपारपासून अंगण भरलंय. साखरा गावाहून एक म्हातारी जीप करून आली. मी तिला ओळखत नव्हते. माझा हात धरून एवढंच म्हणाली, "समुद्र दाखवला व्हता मला त्यायनं."

अण्णा, आम्ही सगळे नीट पोचलो.

तुम्ही सावकाश जा.

जय भीम.