थंड पाण्यानं भाजणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंनी फ्रीजमधल्या पाण्याचा ग्लास उचलला आणि लगेच टेबलावर ठेवून दिला. बोटं पदरानं दाबून धरली.

"भाजते मॅडम," त्या म्हणाल्या. "गरम चहा चालते. थंड पाणीच भाजते."

आम्ही नागपूरच्या सदर भागातल्या एका क्लिनिकमध्ये बसलो होतो. तिथले डॉक्टर माझे अकरावी-बारावीचे वर्गमित्र. त्यांना एक शंका होती, पण असा पेशंट त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणून त्यांनी मला फोन केला होता.

मी स्वतः वैद्यकीय डॉक्टर नाही. माझं काम सूक्ष्म शैवालांचं, म्हणजे मायक्रोस्कोपशिवाय न दिसणाऱ्या एकपेशीय जीवांचं. नागपुरात समुद्र नाही, पण आमच्या लॅबमध्ये समुद्राच्या बाटल्या येतात. प्रवाळाच्या खडकांवर केसांसारखं शेवाळ वाढतं. अंदमानच्या बेटांवरचे सहकारी ते खुडून, टिकवून आमच्याकडे पाठवतात. बाटली जोरात हलवली की शेवाळाला चिकटलेले सूक्ष्म जीव पाण्यात उतरतात. त्यांत कोणत्या जाती आहेत आणि त्यांपैकी विषारी कोणत्या असू शकतात, हे मी पाहते.

सुनंदाताई कळमेश्वरच्या. मुलगी पल्लवी अंदमानातल्या एका लहान बेटावर असते, जावई तिथे नोकरीला. तिच्या बाळंतपणासाठी त्या गेल्या होत्या. परतायच्या थोडं आधी त्यांना उलट्या-जुलाब झाले. ते थांबले, पण ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. घरी आल्यावर गार फरशीवर पाय ठेववेना. भर मे महिन्यात त्या पाणी तापवून आंघोळ करायला लागल्या.

घरच्यांना वाटलं, नातवाची आठवण येते म्हणून असं होतं. कोणीतरी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारणी हसल्या, तेव्हापासून त्यांनी सांगणंच सोडून दिलं. त्यांचे यजमान भास्करराव कळमेश्वरच्या एमआयडीसीत कंपनीत आहेत. बायकोचं म्हणणं त्यांनाही समजत नव्हतं, पण ड्युटीला निघण्याआधी ते रोज तिच्यासाठी पाणी तापवून ठेवत.

"मले वाटलं, मी पागल होऊन राहिली," सुनंदाताई शेजारी बसलेल्या भास्कररावांकडे बोट करून म्हणाल्या. "यायले विचारा. रडत होती मी."

डॉक्टरांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, आजारी पडायच्या आधी मासा खाल्ला होता का?

खाल्ला होता. जावयानं खास सासूबाईंसाठी मोठा मासा आणला होता, खडकांतला. डोक्याचा रस्सा त्यांनीच केला. खाणारे दोघंच, त्या आणि जावई. पल्लवी बाळंतीण म्हणून तिला दिला नव्हता.

"काही उरलाय का?"

"फ्रीजरमध्ये आहे ना. सव्वा महिना झाला की खाजो, म्हटलं तिले."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते खुर्ची मागे सारून उठलेच होते. "पल्लवीला फोन लावा," ते भास्कररावांना म्हणाले. "आत्ता."

घाई का, ते सांगते. त्या शेवाळाला चिकटून राहणाऱ्यांत चपट्या चकतीसारखी एक मंडळी असते. शास्त्रीय नाव गॅम्बिअरडिस्कस. तिच्या बऱ्याच जाती आहेत. काही जवळजवळ निरुपद्रवी, काही जहाल, आणि दिसायला सगळ्या जवळजवळ सारख्या. लहान मासे शेवाळ खातात, त्यांना मोठे मासे खातात, आणि विष माशाच्या अंगात साठत जातं. मासा ताजाच असतो. वास नाही, चव बदलत नाही. शिजवून ते विष जात नाही, बर्फात ठेवूनही जात नाही. माणसाच्या नसांवर त्याचा परिणाम झाला की थंड वस्तू पोळते. आणि बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईनं तो मासा खाल्ला, तर विष दुधातून बाळापर्यंत पोचू शकतं.

फोन दोनदा वाजून बंद झाला. भास्कररावांनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा पल्लवीनं उचलला. सुनंदाताईंनी फोन हिसकूनच घेतला.

"पल्लवे, तो मासा खाल्ला काय वं?"

"नाही आई. आताच बाहेर काढला. संध्याकाळी करतो म्हटलं. काहून?"

सुनंदाताईंनी फोन माझ्याकडे दिला. मी पल्लवीला सगळं समजावून सांगितलं. मग तिनं नवऱ्याला विचारलेलं आम्हाला ऐकू आलं. त्यालाही थंड पाणी टोचत होतं. हसतील म्हणून त्यानं घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

सुनंदाताई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. भास्करराव त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "तू खरं सांगत होती वं," एवढंच ते म्हणाले.

लॅबमध्ये परत आल्यावर सरांना, म्हणजे आमच्या प्रोजेक्टच्या प्रमुखांना, मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मासा कुठे आहे?"

"पुरला सर. आमचं बोलणं चालू होतं तेवढ्यात जावयानं खड्डा खणला."

"तपासायला पाठवता आला असता. आता सिद्ध कसं करणार?"

"घरात तान्हं बाळ होतं सर."

ते म्हणाले, "बरोबर आहे. त्या बाजूच्या खडकावरचं शेवाळ मागवा."

बाटल्या आल्या. चिमूटभर शेवाळावर कितीतरी जातींची गर्दी होती. त्यांत त्या चकत्याही होत्या, निदान दोन वेगळ्या जातींच्या. पण सुनंदाताईंच्या रश्श्यातलं विष त्यांचंच, हे मला सांगता येत नाही. माझ्या रिपोर्टात 'संभाव्य विषारी' एवढंच आहे. बेटावरच्या सहकाऱ्यांनी मात्र मच्छीमारांना भेटून त्या खडकातले मोठे मासे सध्या नको म्हणून सांगितलं. मासा विकणाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्याही घरी तोच खात होते.

या विषावर उतारा नाही. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्यासाठी गोळ्या दिल्या, मासे काही महिने बंद केले आणि वाट पाहायला सांगितलं. जावई लवकर बरा झाला. सुनंदाताईंना पावसाळा संपेपर्यंत त्रास होता, मग हळूहळू गेला. झोपेच्या गोळ्या त्यांनी त्या दिवशीच बंद केल्या होत्या, डॉक्टरांना विचारून.

मी इतकी वर्षं जाती ओळखते आहे. तरी ताटातला मासा विषारी आहे की नाही, हे मला पाहून सांगता येत नाही, आणि माझ्या मायक्रोस्कोपलाही नाही. म्हणून आता कोणी असं काही सांगत आलं, तर मी आधी ते ऐकून घेते आणि मग विचारते, काय खाल्लं, कोणी कोणी खाल्लं आणि घरात उरलंय का.