पाटीवरचे चोवीस तास

पेंटरकाकांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अक्षर आपलं, मजकूर त्यांचा." पस्तीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या. कुणी 'शुद्ध' लिहायला सांगितलं, शुद्ध लिहिलं. कुणी 'आमची कुठेही शाखा नाही' म्हणालं, तेही लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात त्याच माणसाच्या दुसऱ्या दुकानावर तीच ओळ पुन्हा रंगवली. माल शुद्ध आहे का, शाखा किती, हे बघणं पेंटरचं काम नव्हे. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक लाल टिंब द्यायचं, ती त्यांची सही. घरी दांडगा काळा कुत्रा आला आणि त्याच्या छातीवर नेमका एक पांढरा ठिपका निघाला, म्हणून त्याचं नाव टिंब्या.

काकूंची नोकरी बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत. फलकावर दोनची गाडी लिहिलेली असायची, यायची तीनला, आणि शिव्या खायच्या काकूंनी. त्यामुळे लिहिलेल्या अक्षरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. टिंब्या आला त्याच आठवड्यात त्यांनी जनावरांच्या तिन्ही दवाखान्यांत फोन करून चौकशी केली होती. अचानक काही झालं तर डॉक्टर जागेवर असतात का, ऑपरेशन तिथेच होतं की पुढे पाठवतात, सगळी उत्तरं एका वहीत.

"कुत्रा पाळतेस की मुलीचं स्थळ बघतेस?" काका हसायचे.

"माझ्या वेळी कुणी एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं," काकू म्हणायच्या.

एका मंगळवारी काकूंची सुट्टी होती. दुपारी दीडला टिंब्या उलटी काढायला बघू लागला आणि बाहेर काहीच पडेना. पोट फुगून टणक झालं. त्याला धड बसवेना, धड उभं राहवेना. काकूंनी वही काढली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात फोन वाजून वाजून बंद पडला. मग पुलापलीकडच्या दवाखान्याला लावला. तिथल्या डॉक्टरबाईंनी स्वतः उचलला.

"पोटाला पीळ पडला असणार. काही खायला देऊ नका, पाणीसुद्धा नको. लगेच निघा, मी ऑपरेशनची तयारी करून ठेवते."

काकूंनी टिंब्याला उचलायला जाड चादर घेतली, त्याच्या इंजेक्शनांचं कार्ड घेतलं. काकांनी रंगाचे डबे उतरवून व्हॅन रिकामी केली, आणि मग म्हणाले, "पुलापलीकडे कशाला? अर्धा तास लागेल. कोपऱ्यावरचा दहा मिनिटांत येतो."

"अहो, तिथे फोन उचलत नाहीत."

"कामात असतील. चोवीस तास उघडा असतो तो. मीच लिहिलंय ना."

टिंब्या कण्हत होता आणि तीसपेक्षा दहा कमी. काकू गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दवाखान्याचं शटर अर्धं खाली होतं. वर काकांच्या हातची टपोरी निळी अक्षरं: 'तातडीची सेवा, चोवीस तास'. आत एक म्हातारा फरशी पुसत होता.

"डॉक्टर चारला येतात," तो म्हणाला.

"पाटीवर चोवीस तास लिहिलंय."

"पाटी चोवीस तास असतेच की," म्हातारा म्हणाला. थट्टा म्हणून नव्हे, त्याला खरंच तसं वाटत होतं.

त्याने स्वतःच्या मोबाइलवरून डॉक्टरांना घरी फोन लावून दिला. डॉक्टरांनी तिकडून उंटावरून शेळ्या हाकल्या. गॅस असेल, जरा फिरवून आणा, चारला बघतो. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग चोवीस तास म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. "म्हणजे फोन कधीही करू शकता," डॉक्टर म्हणाले. फोन कधीही करू शकता. उचलायचा की नाही, ते साहेबांच्या झोपेवर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, आणि ते नाव ठेवणारे हात पेंटरकाकांचे. ते तिथेच ओरडत उभे राहिले असते, काकूंनी त्यांचा दंड धरला.

"भांडण नंतर. गाडी काढा."

डॉक्टरबाई दारातच स्ट्रेचर घेऊन उभ्या होत्या. टिंब्याला आत नेलं. तासाभराने त्या बाहेर आल्या तेव्हा हातमोजे काढलेले होते आणि चेहऱ्यावरच उत्तर होतं. पोट पूर्ण पिळवटलं होतं, टिंब्याचं हृदय टेबलावरच थांबलं.

"अर्धा तास आधी आणला असता तर?" काकांनी विचारलं.

"वाचण्याची शक्यता बरीच होती," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं काकांनी त्यांचं मानलं. परतताना व्हॅनमध्ये ते ढसाढसा रडले. 'मी सांगत होते' असं काकू एकदाही म्हणाल्या नाहीत, आणि ते काकांना जास्त लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊणला काकांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्याला शिडी लावली. खाली शिडी धरून काकू, काखेत वही, तिच्यात फरशी पुसणाऱ्या म्हाताऱ्याकडून नव्याने विचारून घेतलेल्या खऱ्या वेळा. 'चोवीस तास' पांढऱ्या रंगाखाली अर्धं गेलं होतं, तेवढ्यात जेवायला निघालेले डॉक्टर बाहेर आले.

"हे काय चाललंय? पाटी माझी आहे. मजकूर आम्ही ठरवतो."

"चार वर्षांपूर्वीही तुम्हीच ठरवला होता," काका वरूनच म्हणाले. "चोवीस लिहा, छान दिसतं, म्हणालात. त्या छान दिसण्यावर विसंबून माझा कुत्रा मेला."

"मी पोलिसांत जाईन."

"खुशाल जा. चौकीची पाटीही मीच रंगवलीय. तिथे निदान कुणीतरी असतं."

आजूबाजूच्या दुकानांतून माणसं बाहेर आली होती. डॉक्टर एकदा त्यांच्याकडे आणि एकदा वर बघून गाडीत बसले.

काकू वहीतून सांगत गेल्या, काका लिहीत गेले. 'डॉक्टर सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी चार ते आठ. इतर वेळी कुणी नाही. तातडी असल्यास पुलापलीकडे. आधी फोन करा.' खाली डॉक्टरबाईंचा नंबर. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच मजकूरही त्यांचा होता. कोपऱ्यातलं जुनं लाल टिंब त्यांनी तसंच ठेवलं, फक्त एक हात नव्याने फिरवला.

रंग ओलाच होता तेव्हा रिक्षातून एक बाई उतरली. तिच्या हातातल्या टोपलीत मांजर होतं, तोंड उघडं टाकून धापा टाकणारं.

"काका, डॉक्टर आहेत का हो आत?"

"नाहीत," काका म्हणाले. "वाचा."

तिने वर बघून वाचलं, नंबर फिरवला आणि मोबाइल कानाला लावला. काका ब्रश हातात धरून तिच्याकडे बघत राहिले.

"उचलला का?" काकूंनी खालून विचारलं.

बाईने होकारार्थी मान हलवली आणि बोलत बोलतच परत रिक्षात बसली.