उपरण्याखाली पाच बोटं

माझ्या धाकट्या भावाने, भास्करने, मला फसवलं. मेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये, हे मला कळतं. पण नाशिकच्या फूलबाजारात मी इतकी वर्षं उभी आहे. मला टोपी घालणारा अजून जन्माला यायचाय, असं तिथले आडतेच म्हणतात. एकाने घातली. तो माझा सख्खा भाऊ निघाला.

बातमी आली तेव्हा मी झेंडूच्या क्रेटवरून एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. फोनवर परदेशातला नंबर दिसला. भास्करच असणार म्हणून उचलला आणि म्हटलं, थांब रे, भाव चाललाय. पलीकडून बाईचा आवाज आला... मार्गारेट. ही भास्करची तिथली मैत्रीण, वयाने आमच्या आईसारखी. माझं इंग्रजी बाजारापुरतं, म्हणून तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं. भास्कर झोपेत गेला. सकाळी उठलाच नाही. मी गिऱ्हाइकाला म्हणाले, घेऊन जा, तू म्हणशील त्या भावाने. तो माल तिथेच टाकून निघून गेला. माझ्या तोंडून असलं वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं, घाबरला असणार.

आमचे वडील कळवणच्या बाजूला बैलबाजारात दलाली करायचे. तिथे भाव तोंडाने होत नाही. दोघांनी हात पुढे करायचे, वरून उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या माणसांना चेहरे दिसतात, आकडा दिसत नाही. नियम एकच. हात आत घालण्याआधी मोठ्याने बोलायचं, शेकड्यात की हजारात. ते ठरलं नसेल तर पाच बोटांचा अर्थ काहीही होऊ शकतो. हा नियम मी चालायला लागले तेव्हापासून ऐकत होते.

भास्कर सातपूरला एका कारखान्यात लेथवर होता. हात सोन्याचा. एक दिवस इंग्लंडमधल्या एका छोट्या गावातल्या कारखान्याकडून त्याला बोलावणं आलं. तोवर आमचं वेगळंच ठरलं होतं. त्याने सातपूरला स्वतःचं वर्कशॉप टाकायचं, माल त्याने करायचा आणि गिऱ्हाइकाशी मी भांडायचं. मी टोपलीतून गजरे विकत गाळ्यापर्यंत आले होते, आता त्याची पाळी होती. मी तणतणले. आई मेथी निवडत बसली होती. तिने विचारलं, "किती दिस जायचं हाय?" तिच्यासमोर खरा आकडा बोलायची आमची दोघांची छाती नव्हती. भास्करने खुंटीवरचं वडिलांचं उपरणं ओढलं, माझ्या हातावर टाकलं आणि आत माझी पाचही बोटं धरून दाबली. मी तीन दाबली. त्याने पुन्हा पाच. मी मान डोलावली. आईने आमच्याकडे पाहून नुसतं म्हटलं, "बापावर गेलीत दोघं." आणि मेथी निवडत राहिली. सौदा झाला. तोंडाने काय बोलायचं असतं, ते मी विसरले.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. सुरुवातीला सगळं रडगाणंच. भाकरी भाजली की धूर कळावा म्हणून छताला लावलेला भोंगा कोकलायचा आणि शेजारचा म्हातारा दार ठोकायचा. मग भास्कर खिडकी सताड उघडून, अंगात कोट घालून भाकऱ्या थापायला लागला. सायकलवर कामाला जायचा. दुकानात प्रत्येक वस्तूवर किंमत चिकटवलेली. कमी करा म्हटलं तर समजायचंच नाही कुणाला. मला त्याची फार दया यायची. म्हटलं, असल्या मुलखात माणूस बोलत तरी कशावरून असेल?

मग एका रविवारी त्याचा आवाजच वेगळा लागला. म्हणाला, ताई, इथे चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत, सहा माणसं वाजवतात, मी आज वर जाऊन आलो. खोलीत बसून आवाज ऐकायचा, त्या दिवशी शोधत गेला. दार उघडंच होतं. एका म्हाताऱ्या बाईने, म्हणजे याच मार्गारेटने, विचारलं, ओढून बघतोस का? ती पूर्वी बस चालवायची. म्हणाली, दोरी धरायला शिकायलाच वर्ष लागतं, मी शिकवीन. मी विचारलं, पैसे किती देतात? काही नाही. बक्षीस? नाही. ऐकायला कोण येतं? कुणीच नाही, म्हणाला, लोक खालून आपापल्या वाटेने जातात. मी म्हटलं, आपल्या गंगेवर, गोदेच्या काठी, घंटा कमी होत्या का रे? तिथे कुणीही उठतो आणि वाजवतो, वर्षभर शिकावं लागत नाही. आई मधेच म्हणाली, "त्याला तिथं देऊळ घावलं ना... मंग झालं."

पाच वर्षं झाली त्या दिवशी मी स्वतः फोन लावला. म्हटलं, मुदत भरली, तिकीट काढ. तो हसला.

"ताई, मी पाच म्हटलं होतं. पाच काय, ते कुठे ठरलं होतं?"

"वर्षं, गाढवा. आणखी काय?"

"मी तर सिंहस्थ धरले होते. पाच सिंहस्थ."

बारा वर्षांनी एकदा येणारा सिंहस्थ. म्हणजे साठ वर्षं. मी फोन आपटला आणि कित्येक महिने त्याच्याशी बोलले नाही. राग तो येणार नाही याचा होताच, पण खरा राग दुसराच. दलालाची पोर असून मी एकक न ठरवता हात आत घातला होता, आणि हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. की नव्हतं ओळखलं? नंतर सुचलेली थट्टा होती? मला आजही हेच कळायला हवंय. त्याच्या मनात परत येणं होतं की नव्हतं?

आई गेली तेव्हा तो आला आणि तेरावा करून गेला. घरात भांडायला कुणी उरलं नाही. मग त्यानेच माझं तिकीट पाठवलं. मी बॅगेत वडिलांचं उपरणं टाकलं आणि हिशेब करायच्या तयारीनेच गेले.

पहिल्याच शनिवारी तिथल्या आठवडे बाजारात मी एका फ्लॉवरवाल्याला धरलं. पान उलटून किडकं दाखवलं, गड्डा परत ठेवला, चार पावलं निघून गेले. भास्कर लाजून ब्रेडच्या दुकानामागे लपला. फ्लॉवरवाल्याने मला हाक मारून दोन गड्डे एकाच्या भावात दिले, वर सलाम ठोकला. भास्कर म्हणाला, ताई, आता मला इथे तोंड दाखवायला जागा नाही. पण संध्याकाळी तीच गोष्ट त्याने मार्गारेटला चारदा सांगितली. दर वेळी त्यातला फ्लॉवर स्वस्त होत गेला.

मनोऱ्यात दगडी गोल जिना आहे, इतका अरुंद की मला साडी गुंडाळून आडवं चढावं लागलं. आधी त्याने मला अगदी वर नेऊन घंटा दाखवल्या. एकेक घंटा गाभण म्हशीच्या वजनाची, मोठ्या चाकाला बांधलेली. वाजवण्याआधी ती उलटी करतात, तोंड आभाळाकडे. तशी ती तोलून उभी राहते आणि खालच्या खोलीतल्या माणसाने दोरी जराशी ओढली की पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा तशीच उभी होते. मग आम्ही खाली आलो. सहाजण गोल करून उभे राहिले. कुणीतरी एक शब्द बोललं आणि...

मला ते लिहिता येणार नाही, तरी लिहिते. पायाखालची जमीन हलली. मनोराच डोलत होता, इतका जुना दगड, झोपाळ्यासारखा. घंटा एकामागून एक, आधी पहिलीपासून सहावीपर्यंत. मग त्या आपापसात जागा बदलायला लागल्या. प्रत्येक फेरीत क्रम वेगळा. एकदा होऊन गेलेला पुन्हा यायचा नाही. कुणासमोर कागद नाही. कुणी कुणाच्या हाताकडे बघत नव्हतं, सगळ्यांची नजर जिथे काहीच नाही अशा मधल्या जागेवर, आणि तरी कोण कुठे पोचलंय ते प्रत्येकाला ठाऊक. आणि त्यात माझा भाऊ. शाळेत रांगेत धड उभा न राहणारा, शर्टाच्या बाह्या सारलेला, वर एक म्हैस उलटी तोलून धरलेली, तीही बोटांच्या टोकांवर. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, उपरण्याखाली हात असताना. बाहेर काही दिसत नाही आणि आत सगळं चाललेलं. मी दरडावणारी बाई, पण त्या खोलीत मला श्वास घ्यायचीही भीती वाटली.

उतरताना मी तरीही विचारलं, "हे करून तुला मिळतं काय?"

"तुला दोन फ्लॉवर मिळाले. घरी एकही संपला नाही," तो म्हणाला. "तू कशाला भांडलीस?"

परत निघताना विमानतळावर, मी आत जायच्या रांगेशी, त्याच्या हातावर उपरणं टाकलं. म्हटलं, आता तोंडाने सांग. पाच काय? त्याने आत माझी पाचही बोटं धरली. दाबून सोडायची असतात, त्याने सोडली नाहीत. रांग पुढे सरकली, मागचे लोक बाजूने निघून गेले... बोलला नाही. ती आमची शेवटची भेट.

तो गेल्यावर तिथेच अग्नी दिला; माझा व्हिसा वेळेत आला नाही. नंतरच्या रविवारी दुपारी बाजार ओसरला होता, मी गाळ्यात बसले होते. मार्गारेटचा फोन आला. तिने फोन मनोऱ्यातल्या खिडकीत ठेवला. म्हणाली, त्याची दोरी आम्ही बांधून ठेवली आहे, कुणी ओढणार नाही. मग घंटा सुरू झाल्या. पाचच. आधी मला नुसता गोंगाट वाटला, मग कान बसला आणि कळलं. भास्करची जागा त्यांनी भरली नव्हती. त्याची पाळी आली की तेवढा वेळ सगळे थांबायचे आणि पुढे जायचे. आणि ती रिकामी जागा एका ठिकाणी राहत नव्हती. कधी सुरुवातीला, कधी मध्ये, कधी अगदी शेवटी... तो चालायचा तसाच चालत होता, प्रत्येकाच्या मधून वाट काढत. त्या पाच माणसांनी त्याला बरोबर घेऊन सगळ्या फेऱ्या पुऱ्या केल्या. शेजारच्या गाळ्यातली शेवंती मोजणारी बाई मोजायची थांबली. मी तिला खुणेनेच गप्प बसवलं. ती काही बोलत नव्हती, तरीही.

थंडीत मार्गारेट अस्थी घेऊन नाशिकला येणार आहे. तिचा मुक्काम माझ्याच घरी. उपरणं मी धुऊन ठेवलेलं नाही. त्याने शेवटचं धरलं होतं तसंच, चुरगळलेलं, गाळ्यातल्या खिळ्याला आहे. गंगेवर जे करायचं ते करू. पण त्याआधी तिला माझ्यासमोर बसवीन, हातावर उपरणं टाकीन आणि विचारीन. इतकी वर्षं तो तुझ्या शेजारी दोरी धरून उभा होता. घरी जायचं म्हणायचा की नाही? सौद्यातला एक माणूस उठून गेला, तर त्याच्या बाजूने कुणीतरी बसायला हवं. पाच काय, ते तिने सांगायचं. आणि या वेळी तोंडाने, मोठ्याने. त्याशिवाय मी हात आत घालणार नाही.