भाऊंच्या शोकसभेत अध्यक्ष बोलायला उठले तेव्हा

भाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात चहा घेत होते. त्यांच्या पत्नीचा, अक्कांचा फोन होता. म्हणाल्या, "गेले गं. तुझं काम आटोपून ये. अर्धवट टाकून आलीस तर त्यांना आवडणार नाही." मी काम आटोपलं. जळगावच्या बसमध्ये बसले तरी रडू आलं नाही. पारोळा मागे पडल्यावर मात्र एकदम राग आला... तो अजून उतरलेला नाही. इतके आठवडे थांबून आज लिहितेय, ते राग शांत झाला म्हणून नव्हे. तो नीट मांडता यावा म्हणून.

भाऊ माझे सीनियर. शाळा, कॉलेजं, नगरपालिका यांच्या नोकरीविषयक प्रकरणांत त्यांची हयात गेली. कर्मचाऱ्याला निलंबित कसं करायचं, चौकशी कशी बसवायची, बडतर्फीचा आदेश टिकवायचा कसा... थोडक्यात, मालकाच्या बाजूचे वकील. मी नवीन असताना मला हे काम आवडायचं नाही. ते ओळखून एकदा म्हणाले, "मालकाला कायदा पाळायला लावणारा माणूस त्याच्याच खुर्चीशेजारी बसलेला पाहिजे. बाहेरून ओरडणाऱ्याचं तो ऐकत नाही." यावर त्यांचा खरंच विश्वास होता. संस्थेच्या कार्यालयात बसून त्यांनी कितीतरी जणांच्या नोकऱ्या वाचवल्या, आणि ज्यांच्या वाचल्या त्यांना ते कधी कळलंही नाही.

साक्री तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेचे ते जुने सल्लागार. तिथल्या अध्यक्षांना सगळे नाना म्हणतात. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. नानांना पुतण्याच्या बायकोला शाळेत लावायचं होतं, आणि जागा नव्हती. वंदना नावाची एक कायम शिक्षिका तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होती. भाऊंनी माझ्यासमोर नानांना बजावलं, "ती कायम आहे. चौकशीशिवाय तिला हात लावता येणार नाही. आणि चौकशी करावी असं तिने काही केलेलंही नाही." नाना हसले, आमच्यासाठी चहा मागवला. रजा संपवून वंदना शाळेत गेली, तर तिची नोकरी गेलेली होती.

वंदनाने शाळा न्यायाधिकरणात दाद मागितली. संस्थेतर्फे भाऊ उभे राहिले. हे प्रकरण मिटवून तिला परत घ्यायला लावू, अशी त्यांची आशा होती. चौकशी का केली नाही, असं न्यायाधीशांनी विचारलं. तेव्हा नाना उठले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, आम्ही खेड्यातली माणसं. वकीलसाहेब म्हणाले गरज नाही, म्हणून नाही केली."

भाऊ शेजारीच उभे होते. अशिलाशी झालेलं बोलणं वकिलाला उघड करता येत नाही, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. भाऊंनीच कधीतरी त्यांना ते सांगितलं होतं. बाहेर व्हरांड्यात वंदनाचे सासरे आडवे आले. "वकीलसाहेब, तुमनी पोर ऱ्हाती ते?" तुमची पोर असती तर, असं ते विचारत होते. भाऊंना मूलबाळ नव्हतं. मी त्यांचा कोट हातात घेतला तेव्हा तो पाठीवर घामाने भिजला होता.

त्यांनी संस्थेचं वकीलपत्र सोडलं. नानांनी लगेच हूल उठवली की वकील फुटला, समोरच्यांना मिळाला. एकेक संस्था निघून गेली. जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या ऑफिसात दुपारी पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. खरं काय ते एकदा बोलून टाका, म्हणून मी मागे लागले. म्हणाले, "अशिलाची गोष्ट माझ्याबरोबर जाईल. पण कायदा काही नानाच्या मालकीचा नाही."

त्यानंतर ते दर रविवारी सकाळी ऑफिसात शिक्षकांना बोलावू लागले. नोकरीचे नियम, नोटिशीला उत्तर कसं द्यायचं, चौकशीत काय मागायचं, सगळं शिकवायचे. पिंपळनेरपासून भुसावळपर्यंतचे शिक्षक यायचे. नानांचं नाव त्यांनी तिथे एकदाही काढलं नाही. पण नानांच्या शाळांतून निघणाऱ्या प्रत्येक नोटिशीला आता मुद्देसूद उत्तर जाऊ लागलं, आणि नाना एकेक प्रकरण हरू लागले. निकाल असला की भाऊ कोर्टात शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे. मी विचारलं, "भाऊ, हा सूडच ना?" म्हणाले, "सूडच. पण उजेडात बसून घेतोय."

वंदनाचा निकालही लागला, वरच्या कोर्टात टिकला. तिला परत घ्यावं लागलं. नानांनी तिला एकही वर्ग दिला नाही, शिपायाच्या स्टुलावर बसवून ठेवलं. ते ऐकलं तेव्हा भाऊ दवाखान्यात होते. "आदेश पाळला नाही तर शिक्षा आहे," ते मला म्हणाले. "अर्ज तू कर." आठवड्याभरात ते गेले.

शोकसभेला नाना आले. पांढरेशुभ्र कपडे, डोळ्यांत पाणी. माईक घेऊन म्हणाले, "भाऊ शेवटपर्यंत आमचे मार्गदर्शक होते. आमच्या सभागृहाला आम्ही त्यांचं नाव देणार आहोत."

अक्का पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या. आवाज चढवला नाही. "नाना, खाली बसा. त्यांचं नाव तुमच्या भिंतीवर नको, आणि तुमच्या तोंडात तर नकोच." नाना माईक धरून इकडेतिकडे पाहत राहिले. बसा म्हणणारं किंवा बोला म्हणणारं कुणीच निघालं नाही. शेवटी ते बसले. मला फार बरं वाटलं. शोकसभेत असं वाटू नये, पण वाटलं.

अर्ज मी केला आहे. नानांना समन्स गेलं आहे. रविवारचा वर्गही थांबलेला नाही. भाऊंच्या जागी मी उभी राहते. भाऊंची एक सवय होती. चौकशीचा नियम वाचताना ते एका शब्दापाशी थांबायचे आणि विचारायचे, "इथे 'करता येईल' लिहिलंय, की 'केलीच पाहिजे'?" उत्तर सगळ्यांनी मोठ्याने द्यायचं, असा त्यांचा दंडक होता. परवा मी तिथे थांबले. विचारायला तोंड उघडलं, पण खोलीने माझी वाट पाहिली नाही. "केलीच पाहिजे," सगळे एकदम म्हणाले. त्यात सगळ्यांत मोठा आवाज वंदनाचा होता.