कढईच्या बुडाची खरवड

पिठलं संपलं की कढईच्या बुडाशी जी करपलेली खरवड राहते, ती मला लहानपणापासून आवडते. उलथन्यानं खरडून काढायची आणि गरम गरम खायची. सासरी आल्यावर मी ती चुलीकडं तोंड करून, चोरून खायची.

एकदा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, पकडलं.

"आगं, कढई खरवडून खाल्ली की लग्नात पाऊस पडतो. तरीच! वैशाखात आमचा मांडव कसा भिजला, मला आज कळलं."

पावसाचं मला काही वाटलं नाही. पण पुढं त्या म्हणायच्या, "म्हायेरी पोटाला घालत न्हवते का गं?" ते लागायचं. आमच्या घरी खाऊनपिऊन सुख होतं. पण हे सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि माझं ते उघडत नसे.

एका वर्षी आमच्या उसात सिनेमाचं शूटिंग आलं. अख्खं गाव बांधावर उभं. दुपारी त्यांच्या जेवणाची गाडी ओढ्यात रुतली, म्हणून नटीबाई आमच्याकडं पाणी प्यायला आल्या. मी दाराआड गेले. आत्याबाईंनी त्यांना भाकरी आणि पिठलं वाढलं. जेवताना बाईंची नजर कढईवर गेली.

"मावशी, बुडाला लागलंय ते काढून द्या की."

"आवं, करपल्यालं हाय त्ये!"

"करपलेलंच द्या. माझा जीव आहे त्याच्यावर."

"लगीन व्हायचं हाय न्हवं तुमचं? पाऊस पडंल."

"पडू दे. मांडव भिजेल, माझं खाऊन तर झालेलं असेल!"

बाईंनी उलथनं हातात घेऊन स्वतःच खरवड काढली. माझ्या वाट्याची सगळी गेली, पण दाराआड माझी छाती फुगली होती. एवढी मोठी बाई, हिंदी पिक्चरमध्येही दिसलेली, आणि जीभ माझ्यासारखी! तशी माझी जीभ आदल्या दिवशीही तीच होती. पण त्या दिवसापासून मला तिची लाज वाटेना.

आठ दिवसांत गावातल्या निम्म्या कढया करपल्या. आत्याबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमच्यात पहिल्यापास्नं खात्यात." त्या जाळ मुद्दाम मोठा करू लागल्या. मामंजी ओरडायचे, "आगं, पिठलं कुठं हाय? ही नुसती खापरं वाढलीस व्हय?"

मग माझे वडील मला भेटायला आले. आत्याबाईंनी कौतुकानं त्यांच्या ताटात खरवडीचा मोठा तुकडा वाढला. माझ्या माहेरची आवड म्हणून मानानं वाढला, हे मला कळलं. मी जीव मुठीत धरून दाराआड उभी.

वडिलांनी तुकडा उचलून उजेडात धरला.

"इहीनबाई, ह्ये काय वो? आमच्यात ह्ये कुत्र्याला घालत्यात."

माझ्या माहेरी कुत्र्यालाही पोटभर मिळतं, हे एकदाचं सासरी कळलं. पण ते अशा शब्दांत कळावं, असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

आत्याबाईंनी तो तुकडा ताटातून काढून घेतला.

"पाव्हणं, तुमी शिनेमे बघत न्हाई वाटतं," असं म्हणून त्या आत आल्या आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. "खा तू. तुज्या बाला काय कळतंय!"