उकळत्या खळीचा पाइप

आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये संशोधन बेताचंच झालं, किस्से मात्र धुळीसारखे साचले. कुठंही बोट फिरवा, एक निघतोच.

काम असं होतं. सोलापूरच्या एका मिलमध्ये सुताला द्यायची उकळती खळ माणसं बादल्यांनी वाहत. पाय भाजत. मी नवा लेक्चरर, मला हे एक दिवसही सहन होईना. पंप लावा, पाइप टाका! मॅनेजर म्हणाले, "आधी आकडे दाखवा, मग चालवून दाखवा."

पण खळ म्हणजे पाणी नव्हे. ढवळली की पातळ, थांबली की घट्ट. तिचा टर्ब्युलंट, म्हणजे भोवरे घेत वाहणारा फ्लो कॉम्प्युटरवर बसवायचा, आणि कॉम्प्युटर मुंबईला.

*

चिंचोक्याच्या पिठाची खळ लॅबमध्येच शिजायची. एकदा प्रिन्सिपॉल वासावर आत आले, पातेल्यात डोकावले. "पिठलं?"

आमचे हेड देशमुख सर शांतपणे म्हणाले, "नाही सर, पीएच.डी."

*

मुंबईहून पहिलं उत्तर आलं. खळीचा घट्टपणा शून्याच्याही खाली! मी डोकं धरून बसलो. सरांनी कागद नीट वाचला.

"मग पंप कशाला घेता? खळच पंपाला ढकलेल."

*

प्रोग्रॅमची भोकं पाडलेली पंचकार्डं हाताळून मऊ पडली. लॅब असिस्टंट मल्लेशम भवानी पेठेतल्या विणकरांच्या घरातला. मऊ पडलं की खळ द्यायची, हे त्याच्या हाडात. त्यानं सगळी कार्डं खळीत बुडवली, वाळवली आणि मुंबईला पार्सल केली.

मुंबईहून ट्रंककॉल आला. "तुमच्या प्रोग्रॅमनं आमचं मशीन धरलंय. सोडत नाही."

मी मल्लेशमवर भडकलो. तो म्हणाला, "उन्हात बरोबर वाळवली होती की, सर."

*

शेवटी आकडे बसले. मिलमध्ये ट्रायल ठरली. फसली तर पुन्हा बादल्याच. कुणी भाजू नये म्हणून ट्रायलला कोमट खळ घेतली होती, आकडेही तिचेच काढले होते. मॅनेजर पांढरी शुभ्र पँट घालून पाइपच्या पलीकडच्या तोंडाशी उभे राहिले, मी आणि सर इकडे दाबाच्या गेजपाशी.

मल्लेशमनं बटण दाबलं. काटा चढला, थरथरला आणि आमच्या आकड्यावर थांबला. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात पलीकडून आरडाओरडा. आमचं गणित पाइपच्या तोंडाशी संपत होतं. त्या तोंडाखाली टब ठेवायचा, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

मॅनेजर कमरेखाली खळीनं न्हालेले. त्यांनी मांडीवरची खळ बोटानं निपटली, चिमटीत चोळून पाहिली.

"गुठळी नाही. पाइप बसवा. आणि लवकर टांगा बोलवा, वाळल्यावर मला बसता यायचं नाही."