खुर्चीत बसलेला हत्ती

तुमच्या गावच्या सरपंच बाई असतील, तर ग्रामसभेत त्यांच्या खुर्चीवर कोण बसतं?

आमच्या घरी पुस्तकं कमी, पत्रकं फार. वडील मोर्चांतून आणायचे. अक्षरं जुळवायला मी त्या पत्रकांवरच शिकले, त्यामुळे पुष्कळ दिवस मला वाटायचं की खरं वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं. इंग्रजी मात्र कच्चं होतं. त्यासाठी एसटीनं कारंजाला क्लासला जायची. तिथं सरांनी एकदा फळ्यावर लिहिलं, ‘एलिफंट इन द रूम’. खोलीतला हत्ती. सगळ्यांना दिसते, पण कोणीच बोलत नाही अशी गोष्ट. मी अर्थ पाठ केला, पटला मात्र नाही. आमच्या गावात हत्ती शिरला तर शेंबडं पोरगंही बोंबलेल.

त्याच उन्हाळ्यात शाळेच्या वर्गात ग्रामसभा भरली. पाटीवर नाव सरपंच बाईंचं, खुर्चीत त्यांचे यजमान. निवडणुकीपासून हे असंच चाललेलं. सगळं गाव यजमानांनाच ‘सरपंचसाहेब’ म्हणायचं. बाई डोक्यावर पदर घेऊन आम्हा बायकांसोबत सतरंजीवर बसायच्या. त्या दिवशी त्यांना वरच्या वस्तीच्या नळाचा विषय हवा होता. तिथल्या बायका अजून शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. यजमान नेहमीसारखे म्हणाले, "नळाचं पुढच्या सभेत पाहू."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि उठल्या. नात्यानं दीर लागणारा एकजण मागून म्हणाला, "वहिनी, चाय आनता का?"

"चाय तुमीच मांडा, भाऊजी. मी कामात हाये."

वर्ग हसला. बाई खुर्चीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, हळूच म्हणाल्या, "उठा जी. मले बसू द्या."

हसू तिथंच थांबलं, आणि मला हत्ती दिसला. केवढा! इतके दिवस तो समोर बसला होता, आम्ही त्याला नमस्कार घालत होतो, त्याच्या अंगाला वळसा घालून आपापल्या जागी बसत होतो. समतेची पत्रकं घरी आणणारे माझे वडीलसुद्धा.

यजमानांनी सगळ्यांकडे पाहिलं. कोणीच त्यांची बाजू घेतली नाही. माझ्या शेजारची म्हातारी तेवढी बोलली, "काहून थांबला बापा? उठ नं."

ते उठले. सतरंजीच्या कडेला जाऊन बसले. बाई खुर्चीत टेकल्या, आवाज तसाच हळू. "नळाचा विषय आजच होईल. बोला."

त्या आवाजाचा दरारा मला अजून वाटतो. एवढं मोठं जनावर हललं, ते इतक्या हळू बोललेल्या शब्दांनी. त्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

पुढच्या ग्रामसभेला तुम्ही जा. खुर्चीत दुसरंच कोणी दिसलं, तर उभं राहून एवढंच विचारा, "सरपंच बाई कुठी हायेत?"